जुन्या हॉटेलासारखं घर

४ फेब्रुवारी

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यातल्या लोकांनी मला त्या जुन्या हॉटेलातला दोन रात्रींचा मुक्काम भेट दिला. दातांच्या डॉक्टरांची कल्पना. म्हणाले, "ताई, उभा जन्म तुम्ही लोकांना 'बसा, बोलावते' म्हणालात. आता दोन दिवस तुम्ही बसा." मी मनात म्हटलं, एकटी बाई हॉटेलात जाऊन करणार काय, भिंती बघणार? आणि खरंच, दोन दिवस मी भिंतीच बघितल्या.

कंबरेइतकं लाकूड आणि त्याच्या वर गडद हिरवा रंग. तसल्या रंगात खोली कोंदट होईल असं कुणीही म्हणेल, पण खिडकीसमोर एवढा मोठा आरसा होता की उजेड दुप्पट होऊन परत यायचा. छताला दिवा नाहीच. दिवे सगळे कोपऱ्यांत, छोट्या टेबलांवर, कापडी टोप्या घालून बसलेले. पलंगाच्या पायथ्याशी बॅग ठेवायला बुटकं स्टूल. खिडकीखाली लिहायचं टेबल आणि त्याच्यावर काहीही नाही. रिकामं टेबल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याच्याशी बसून मी ही वही सुरू करणार होते, पण टेबल खराब होईल असं वाटलं.

दुपारी घरी परतले. बाबूने, माझ्या धाकट्या भावाने, दार उघडलं. (सुट्ट्या शिल्लक आहेत म्हणे, म्हणून हल्ली दुपारी घरीच असतो.) आत आले, त्याने बटण दाबलं, ट्यूबलाइट दोनदा फडफडली आणि पेटली. त्या उजेडात मी आमचं घर पाहिलं. सोफ्यावर चादर, चादरीवर वर्तमानपत्र, फ्रिजच्या डोक्यावर औषधांचा डबा, दाराच्या प्रत्येक खिळ्याला एक पिशवी. भिंतींचा रंग कोणता, हे सांगताच येणार नाही. बसमध्ये असतो तसा काहीतरी.

हे असंच चालू ठेवायचं काही कारण आहे का?

६ फेब्रुवारी

जेवताना विषय काढला. माझ्या फोनमधले हॉटेलचे फोटो दाखवले. म्हटलं, आपल्या खोल्यांना उंची आहे, खिडक्या मोठ्या आहेत, आपलंही घर असं होऊ शकतं. खर्च माझा. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवून मी त्यांच्याकडे बघत बसणार आहे का?

बाबू मान खाली घालून जेवत राहिला. तो लहानपणापासून तसाच. पाच वर्षांनी धाकटा, पण भांडणातसुद्धा आधी ताटात काय आहे ते संपवणार.

सूनबाईने मात्र फोन हातात घेतला. (आई तिला सूनबाई म्हणायची, तेच माझ्या तोंडात बसलं. माझी ती भावजय.) एकेक फोटो मोठा करून बघितला. मग नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ताई, करू या. खरंच करू या."

लग्न होऊन आली तेव्हापासून माझी एकही गोष्ट तिला पटलेली नाही. मी वरणात मीठ जास्त घालते, मी पंखा मोठा ठेवते, मी फोनवर मोठ्याने बोलते. आज पहिल्यांदा आमचं एकमत झालं. मला बाई भरूनच आलं.

१५ फेब्रुवारी

मिस्त्री आले. भिंतींना लाकडाचा पट्टा मारायचा म्हटल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवून दिली. "ताई, ओल धरली तर?" मी म्हटलं, त्या हॉटेलात शंभर वर्षं धरली नाही. "तिथं रोज पुसायला माणूस असेल." मी म्हटलं, इथेही आहे, मीच.

हिरव्या रंगावरून दोन दिवस महाभारत झालं. रंगाऱ्याने भिंतीवर चार हिरवे पट्टे मारून दाखवले. एक पोपटी, एक शाळेच्या फळ्याचा, एक औषधी. चौथा मला हवा तसा. बाबू म्हणाला, "एवढा काळपट?" तेवढ्यात सूनबाईच म्हणाली, "फोटोत हाच उठून दिसेल." मला तिचं कौतुक वाटलं. माझ्यापेक्षा तिची नजर तयार आहे.

२७ फेब्रुवारी

जुन्या सामानाच्या दुकानात आज सगळा दिवस गेला. दुकानदार प्रत्येक वस्तूला 'साहेबांच्या बंगल्यातली' म्हणतो. कुठल्या साहेबाच्या, ते विचारलं की खोकतो. तरी एक उंच आरसा मिळाला, कडेला पारा थोडा उडालेला, तो मला आवडला. नवा आरसा फार भोचक असतो. हा जरा सांभाळून घेतो. पितळी खुंट्या मिळाल्या. छत्र्या-कोट अडकवायचा खांब मिळाला. आता दाराच्या खिळ्यांवरच्या पिशव्या जातील.

सूनबाईही आली होती. तिने तीन बुटकी स्टुलं निवडली, तिन्ही झोपायच्या खोल्यांसाठी. मी म्हटलं, "अगं, आपण कुठे रोज बॅगा घेऊन फिरतो?" तर म्हणाली, "हॉटेलात असतं ना, मग तसंच नको का?" तिने खोल्यांच्या दारांना बाहेरून-आतून लागणारी कुलपंही घ्यायला लावली. प्रत्येक खोलीत पाणी उकळायची छोटी किटली. मी हसले. म्हटलं, घरात कोण चोर आहे, आणि स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना किटली कशाला? ती म्हणाली, "ताई, अर्धवट करायचं तर करूच नये."

बरोबर आहे तिचं. मलाच कद्रूपणाची सवय.

११ मार्च

हॉल झाला. बाबूची खोली झाली. पिल्लूची खोली झाली. पिल्लू म्हणजे यांची लेक, माझी भाची. नोकरीमुळे दूरच्या शहरात असते, वर्षातून दोनदा येते. तिच्या खोलीला भिंतीचा कागद लावला, मोठमोठ्या पानांचा. कागद लावणाऱ्याने एक पान उलटं लावलंय. मी कुणाला सांगितलेलं नाही. पिल्लूला बरोबर दिसेल. तिला लहानपणापासून असल्या चुकाच दिसतात.

आता माझी खोली. मी म्हणत होते, माझी साधीच ठेवा. पण दोघं ऐकेनात. सूनबाई म्हणाली, "तुमचीच खोली सगळ्यात सुंदर व्हायला हवी. खिडकी तुमच्याकडेच आहे, उजेड तुमच्याकडेच आहे." बाबूने माझा लोखंडी कपाट-पलंग हलवायला स्वतः हात लावला, त्याची पाठ दुखत असताना. माझे कपडे, दवाखान्यातल्या डायऱ्या, आईची शिवणाची मशीन, सगळं खोक्यांत भरून स्वयंपाकघरामागच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. तात्पुरतं.

या घरात माझं एवढं कुणी केलं नव्हतं. वडिलांनी घर बाबूच्या नावावर केलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. ते म्हणाले होते, भाऊ आहे ना, तो काय बहिणीला बाहेर काढणार आहे? आज वाटलं, माणूस बरोबर बोलला.

१४ मार्च

सूनबाईने प्रत्येक खोलीचे फोटो काढले. आधी दिवे लावून, मग पडदे सरकवून, मग परत दिवे लावून. मी माझ्या नव्या टेबलाशी बसले होते. म्हणाली, "ताई, जरा बाजूला होता? नुसती खोली हवी." मी बाजूला झाले. मग म्हणाली, सावली येतेय. मी दाराबाहेर गेले. मग आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, म्हणाली फोटोत फोटो नको. काम झाल्यावर परत लावू म्हणाली, अजून लावायचाय.

फोटो इतके छान आले आहेत! आमचं घर आहे असं वाटतच नाही.

२० मार्च

दवाखान्यातली सिस्टर बघायला आली. आम्ही दोघींनी एका काउंटरच्या दोन बाजूंना आयुष्य काढलं. तिचं तोंड माझ्याहून फटकळ. सगळं घर हिंडली. हात मागे बांधून, दाताची पोकळी बघावी तसं.

"सुंदर आहे," म्हणाली. "आता सांग, प्रत्येक दाराला कुलूप कशाला?"

मी म्हटलं, हॉटेलात असतं.

"आणि प्रत्येक खोलीत चार-चार टॉवेल?"

मी म्हटलं, तसंच.

"आणि तुझं सामान कुठे आहे?"

मी सामानाची खोली दाखवली. ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "तू राहतेस कुठल्या खोलीत गं?" हा काय प्रश्न झाला? मी तिला सरळ सांगितलं, तुझ्या एका खोलीच्या घरात तुझी आई आणि तू, तुला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसेल तर तसं सांग. ती चहा अर्धा टाकून गेली.

मी बोलले ते जरा जास्तच झालं. पण सुरुवात तिने केली.

२९ मार्च

बाबूच्या ऑफिसातले एक मित्र आणि त्यांची बायको घर बघायला आले. बातमी पसरली म्हणायची! मीच सगळं फिरवून दाखवलं. आरसा खिडकीसमोर का, दिवे खाली का, रंग गडद असला की पडदे फिके का. बाईंनी मन लावून ऐकलं. चांगले प्रश्न विचारले. दोन्ही न्हाणीघरांत एकाच वेळी गरम पाणी येतं का? रस्त्याचा आवाज पहाटे किती असतो? गृहस्थांनी तर माझ्या गादीवर बसून दोनदा उसळून बघितलं. मनमोकळी माणसं.

जाताना ते बाबूला म्हणाले, "ताईंमुळे काम सोपं होईल. बोलायला छान आहेत." बाबूने माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या बहिणीची स्तुती ऐकून माणूस अवघडतोच.

९ एप्रिल

दोघं सकाळीच बाहेर गेले होते. मी एकटी होते. दुपारी दाराची घंटा वाजली. उघडलं तर एक तरुण जोडपं, चाकाच्या दोन बॅगा, घामाघूम. मुलगा म्हणाला, "नमस्कार. तुम्हीच ताई का?"

मी म्हटलं, "हो."

"आमचं उद्याचं बुकिंग होतं, ते आजचं करून घेतलं. सकाळी कळवलंय. हिरवी खोली."

मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या दारात आलात. त्याने फोन पुढे धरला. त्यात माझी खोली होती. माझी खिडकी, माझा आरसा, माझं रिकामं टेबल. खाली लिहिलं होतं, 'जुन्या काळच्या हॉटेलचा अनुभव, घराच्या उबेसह. तीन खोल्या. चहापाणी आणि देखभालीसाठी घरातच ताई असतात. शांत, अनुभवी.'

मी ते दोनदा वाचलं. शांत, अनुभवी.

मला ओरडता आलं असतं. दार लावून घेता आलं असतं. पण ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बसा ना आत. बसा." इतक्या वर्षांची सवय, दातदुखीचा माणूस दारात आला की तोंड आपोआप चालतं. पाणी दिलं. खोलीत जाऊन उशीखालचा माझा गाऊन काढून पदराखाली लपवला. पाठोपाठ ती दोघं आत आलीच. मुलगी म्हणाली, "अय्या, फोटोपेक्षा छान आहे!" मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

मग तिने पलंगाशेजारच्या टेबलावरून माझा चष्मा उचलला. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आधीच्या कुणाचा तरी राहिलेला दिसतोय."

मी म्हटलं, "हो, राहिला असेल."

आणि दार ओढून बाहेर आले.

१० एप्रिल

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलणं झालं. हलक्या आवाजात, कारण घरात पाहुणे. स्वतःच्या घरात मला कुजबुजत भांडावं लागलं.

बाबू म्हणाला, "आज रात्री निवांत सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?"

तो ओट्याकडे बघत राहिला. शेवटी सूनबाईनेच सांगितलं. बाबूची नोकरी डिसेंबरातच गेली. ऑफिसच बंद झालं. सुट्ट्या बिट्ट्या काही नव्हत्या. या वयात इथे कुणी घेईना. पिल्लूच्या शहरात तिच्या ओळखीने एक काम मिळतंय, दोघं तिकडे जाणार आहेत. घरभाडं तिकडचं, खर्च दोन ठिकाणचे. मग मी फोटो घेऊन आले.

म्हणजे सहा फेब्रुवारीला तिने नवऱ्याकडे बघितलं, ते हे.

मी विचारलं, "मला विचारायचं नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?" बाबू म्हणाला.

"विचारून तरी बघायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही इतक्या मनापासून केलं नसतं," सूनबाई म्हणाली. ती रडत होती. रडत होती, पण वाक्य तिने नीट पूर्ण केलं.

मी म्हटलं, माझ्या पैशांनी, माझ्या खोलीत, मला न सांगता. यावर बाबूने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ताई, तूच म्हणालीस ना, घर हॉटेलासारखं व्हायला हवं?"

एवढं निर्मळपणे म्हणाला की मला थप्पड मारावीशी वाटली. आणि सूनबाई म्हणाली, "शेवटी घर कुणाच्या..." बाबूने तिचा हात दाबला. वाक्य अर्धंच राहिलं. मला अर्धं पुरलं.

रात्री सामानाच्या खोलीत झोपले. तिथे गादी आधीच घातलेली होती. नवी चादर, नवी उशी. म्हणजे कधीतरी आधीच, माझ्या पाठीमागे, कुणीतरी प्रेमाने माझं अंथरूण घालून ठेवलं होतं.

१३ एप्रिल

सिस्टरकडे आहे. एक पिशवी घेऊन निघाले. तिने दार उघडलं, पिशवी बघितली, आणि एकदाही 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाली नाही. त्याने जास्त लागलं. म्हणाली असती तर भांडले असते, मोकळी झाले असते.

तिची आई पलंगावर, आम्ही दोघी खाली. तिच्या घरात छताला एकच दिवा आहे, उघडा, भगभगीत. मी अजून कोपऱ्यात कुठे टेबल बसेल ते शोधते. सवय वाईट.

सिस्टरचं म्हणणं, वकील गाठ. मी म्हटलं, वकिलाला काय सांगू? भावाने घर काढून घेतलं? घर त्याचंच. खोली काढून घेतली? ती दुसऱ्याला देऊन मला तिसरी दिली. पैसे? मी आपखुशीने खर्च केले, रोज सकाळी उठून, गाणी गुणगुणत. फसवणूक झाली असं सिद्ध करायला निदान आपण थोडं सावध असावं लागतं.

बाबूचा फोन येतो. उचलत नाही. पिल्लूचा मात्र उचलला. "आत्या, तू हॉटेल काढलंस! बाबा म्हणाले, सगळी आयडिया तुझी. मला इतका अभिमान वाटतोय तुझा. सगळ्यांना फोटो दाखवले." तिचा आवाज इतका खूश होता. दुसरं काही सांगायला तोंड उघडलं आणि "तुझ्या खोलीतलं एक पान उलटं लागलंय" एवढंच बोलले. ती म्हणाली, "माहितीये! फोटोत लगेच दिसलं."

२१ एप्रिल

परत आले. सिस्टरच्या आईला रात्री तीनदा उठावं लागतं आणि दर वेळी ती माझ्या पायाला अडखळते. म्हातारी काही बोलत नाही, पण माणसाने आपण होऊन समजावं.

दुसरी खोली भाड्याने घ्यायची तर जे उरायला हवं होतं ते आता भिंतींना लागलंय. लाकूड, कागद, पितळ. सोलून काढता येत नाही.

दार सूनबाईने उघडलं. म्हणाली, "आलात! बरं झालं. उद्या दोन खोल्यांत माणसं येणारेत आणि मला चादरींच्या घड्या तुमच्यासारख्या जमत नाहीत." मला वाटतं तिला खरंच हायसं वाटलं. वाईट बाई नाही ती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

२ जून

दोघं गेली. बाबू जिन्यात थांबला, बॅग खाली ठेवली, काहीतरी बोलणार असं वाटलं. म्हणाला, "गरम पाण्याचा पाइप पावसाळ्याआधी बघून घे."

१८ जुलै

मी हे काम चांगलं करते. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे? नव्या माणसाचा चेहरा बघून कळतं, याला बोलायला हवंय की गप्प बसायला. भांडून आलेलं जोडपं बॅगा दोन वेगळ्या कोपऱ्यांत ठेवतं. एकटे आलेले पुरुष चहा झाल्यावर कप स्वतः आणून देतात, निम्मं बोलणं त्यातच. मी त्यांना 'बसा' म्हणते. बसतात.

लोक फोनवर अभिप्राय लिहितात. 'घर अप्रतिम. ताई प्रेमळ, पण उगाच मध्ये मध्ये करत नाहीत.' 'ताईंचा चहा उत्तम.' एकाने लिहिलं, 'खोलीत आधीच्या पाहुण्यांची केसांची पिन सापडली.' ती माझी होती. आता मी त्या खोलीत पिन लावून जात नाही.

हिशेब बाबू तिकडून बघतो. मला दरमहा पाठवतो. त्याला तो 'घरखर्च' म्हणतो. पगार म्हणाला असता तर मी रजा तरी मागितली असती.

२५ ऑगस्ट

काल आलेल्या बाईंनी घराचे पन्नास फोटो काढले. त्यांचं नवीन घर होतंय, त्यांना असंच सगळं करायचंय. कुठला हिरवा, लाकूड किती उंच, आरसा कुठून आणला. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ही दृष्टी कुणाची? मालकीणबाईंची?"

मी म्हटलं, "हो. त्या बाहेरगावी असतात."

का म्हटलं, माहीत नाही. 'माझी' म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता.

सिस्टरला हे सांगितलं. (आमचं बोलणं चालू आहे. ती दर गुरुवारी येते, सामानाच्या खोलीत माझ्या गादीवर बसते.) ती म्हणाली, "तू चिडत का नाहीस?" मी म्हटलं, चिडते. "कधी?" मी विचार केला. सकाळी चादरी झटकताना चिडते. पण इतक्या जोरात झटकल्या की सुरकुत्या छान निघतात.

७ ऑक्टोबर

दुपारी बाबूचा फोन. आधी पाइपचं विचारलं, मग तब्येतीचं. क्रम तोच असतो. मग म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात आठवडाभर यावं म्हणतो. तिकडची फार आठवण येते गं. इथे सगळं घर म्हणजे एक खोली आणि समोरच्या इमारतीची भिंत. त्या तारखांना एखादी खोली मोकळी आहे का बघ ना."

मी फोनमध्ये बघितलं. दोन खोल्या भरल्या होत्या. हिरवी मोकळी होती. सबंध आठवडा.

मी म्हटलं, "नाही रे बाबू. सगळ्या गेल्यात."

"एकही नाही?"

"एकही नाही. हंगाम आहे."

त्याच्या मागे सूनबाईचा आवाज आला, "काय म्हणतात?" त्याने फोनवर हात ठेवला असावा. मी वाट बघत होते. म्हणू दे, म्हणत होते मनात. म्हणू दे, 'माझ्या घरात मलाच जागा नाही का?' एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. उत्तरही तयार होतं, एप्रिलपासून तयार होतं, रोज घासूनपुसून ठेवलेलं.

त्याने म्हटलंच नाही. लहानपणी ताटातली वाटी काढून घेतली की जसा बोलायचा, तशा आवाजात म्हणाला, "बरं. धंदा आधी. तू सांभाळतेयस तेच खूप आहे." आणि मग, "पिल्लूला कळवतो मग. ती हट्ट धरून बसली होती. नोकरीनिमित्त लांब परदेशी चाललीये ना ती, दोन वर्षांसाठी. जाण्याआधी आत्याकडे राहून येते म्हणत होती. तुला अचानक सांगणार होती, म्हणून मला बोलू नको म्हणाली. आता काय, इथूनच जाईल."

मी म्हटलं, "बाबू, थांब."

"काय?"

अजून एक क्षण होता. म्हणायचं होतं, नीट बघितलं नाही मी, एक मोकळी आहे. एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की मी खोटं बोलले. आणि का बोलले, तेही. आणि माझ्याजवळ या घरात जे एकच काही उरलं होतं, की चूक त्यांची आणि मी बिचारी, तेही गेलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं. "सूनबाईला विचारलं म्हणून सांग."

फोन ठेवल्यावर बरं वाटेल असं इतके महिने वाटत होतं. ओट्याशी उभी राहिले. वाट बघितली. नाही वाटलं.

पिल्लूचा नंबर समोर होता. तिला लावला असता तर दोन वाक्यांत काम झालं असतं. बाबूला कळलं असतं तर कळलं असतं. मी बोट ठेवलं, आणि तेवढ्यात पानांच्या खोलीतल्या पाहुण्यांनी दार अर्धं उघडून हाक मारली, "ताई, एक टॉवेल मिळेल का?"

मी म्हटलं, "आणते," आणि फोन उपडा ठेवून निघाले.